पवनचक्कीतला बिघाड मशीन लर्निंगने आधी कळतो का? साताऱ्याच्या पठारावरच्या २२ चक्क्यांचा अनुभव

घाटवारा (पुणे)

मंडळी, नमस्कार.

गेलं दीड वर्ष मी एकाच प्रश्नामागे आहे. हडपसरच्या ऑफिसात बसून, साताऱ्याजवळच्या पठारावर फिरणाऱ्या २२ पवनचक्क्यांपैकी कुठली आजारी पडणार आहे हे महिनाभर आधी सांगता येईल का? इथे यंत्रवाले आहेत, डेटावाले आहेत, प्रत्यक्ष साइटवर घाम गाळलेले लोकही आहेत. म्हणून हाताला जे लागलं ते सविस्तर मांडतो. चुकत असेन तिथे अडवा.

प्रत्येक चक्की स्काडामधून (यंत्रांवर दुरून नजर ठेवणारी संगणक प्रणाली) दर १० मिनिटांनी एक ओळ पाठवते. वाऱ्याचा सरासरी वेग, तयार झालेली वीज, रोटरचे फेरे, पात्यांचा कोन, गिअरबॉक्समधल्या तेलाचं तापमान, बेअरिंगची तापमानं, नॅसेलच्या (खांबाच्या टोकावरची, यंत्रं असलेली पेटी) आतलं आणि बाहेरचं तापमान. दिवसाला १४४ ओळी, वर्षाला ५२,५६०. तीन वर्षांच्या मिळून साधारण ३५ लाख ओळी माझ्याकडे होत्या. एवढा डेटा बघून मला वाटलं, काम सोपं आहे.

पहिल्या प्रयत्नात अलार्मची यादी घेतली, ज्या वेळी अलार्म त्या ओळीला 'बिघाड' असं लेबल लावलं आणि रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णयवृक्षांचं एकत्र मत घेणारी मशीन लर्निंगची पद्धत) चालवलं. अचूकता ९८ टक्के. मीटिंगमध्ये सगळे खूश. मला मात्र रात्री झोप लागेना, कारण इतकं चांगलं उत्तर इतक्या लवकर येत नसतं. मॉडेल कुठल्या रकान्यावर सगळ्यात जास्त भर देतंय ते काढलं, तर पहिला नंबर वीजनिर्मितीचा. चक्की बंद पडली की वीज शून्य, आणि अलार्मची नोंदही त्याच वेळची. म्हणजे चक्की बंद पडल्यावर मॉडेल मला ती बंद आहे असं सांगत होतं.

दुसरी चूक त्याहून वाईट होती. ओळी पिसून त्यातल्या काही शिकवायला आणि काही तपासायला ठेवल्या होत्या. १०:१० ची ओळ शिकवण्यात आणि १०:२० ची परीक्षेत. दहा मिनिटांत तापमान फार बदलत नाही, म्हणजे परीक्षेचा पेपर आधीच फुटलेला. पहिली दोन वर्षं शिकवायला आणि तिसरं वर्ष तपासायला असं ठेवल्यावर खरं चित्र दिसलं. तिसऱ्या वर्षातल्या पाच मोठ्या बिघाडांपैकी एकच पकडला गेला, तोही चार तास आधी. चार तासांत पुण्याहून माणूस पठारावर पोचेल, सुटा भाग पोचत नाही.

मग वाट बदलली. बिघाडाची उदाहरणं असतात किती? तीन वर्षांत मोठी कामं निघाली मोजून बारा-तेरा. एवढ्यावर मॉडेल काय शिकणार? त्यापेक्षा धडधाकट चक्की कशी वागते तेच शिकवायचं. इतकी वीज काढताना, इतके फेरे असताना, बाहेर ३१ अंश असताना गिअरबॉक्सच्या बेअरिंगचं तापमान किती असायला हवं, हा अंदाज मॉडेलने द्यायचा आणि आपण अंदाज व प्रत्यक्ष यांतला फरक रोज बघायचा. फरक शून्याभोवती घुटमळतोय तोवर ठीक. एका बाजूला सरकायला लागला की लक्ष द्यायचं.

इथे आणखी एकदा फसलो, आणि हे कुणी आधी सांगितलं असतं तर माझे दोन महिने वाचले असते. अंदाज नेमका यावा म्हणून त्याच बेअरिंगचं १० मिनिटांपूर्वीचं तापमान मॉडेलला दिलं. चूक एकदम अर्ध्या अंशाच्या आत आली. पण बेअरिंग हळूहळू तापत गेलं तर मागचं तापमानही वाढलेलंच असणार. मॉडेल त्याच्या मागोमाग जातं आणि फरक कधी दिसतच नाही. तो रकाना काढून टाकला. त्याऐवजी मागच्या तासाभराची वीज आणि फेरे दिले, कारण तेल आणि लोखंड तापायला वेळ लागतो. चूक वाढून दोन अंशांवर गेली, पण बिघाड दिसायला लागले.

आता ११ नंबरची गोष्ट. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून तिच्या गिअरबॉक्स तेलाचा फरक वर सरकू लागला. आधी दोन अंश, मग तीन, महिनाअखेर पाच. चक्कीच्या कंट्रोलरला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, त्याची अलार्मची मर्यादा बरीच वर असते. साइटला फोन केला तर उत्तर आलं, 'मशीन चालू आहे, निर्मिती चांगली आहे.' मार्चमध्ये मी स्वतः गेलो. तंत्रज्ञ वर चढले आणि तासाभराने खाली आले ते हातात एक पापुद्रा घेऊन. तेल गार करणाऱ्या रेडिएटरच्या फटींत जांभ्याची लाल धूळ, मेलेले किडे आणि झिरपलेलं तेल यांचा थर बसला होता. वाळून इतका घट्ट झालेला, की स्क्रू ड्रायव्हरने खरवडला तर चुरा न होता विटेच्या तुकड्यासारखा निघाला. एका बाजूला फिनांच्या (रेडिएटरच्या पातळ पत्र्यांच्या) रेघा जशाच्या तशा उमटलेल्या. तो तुकडा अजून माझ्या टेबलावर आहे.

गिअरबॉक्स ठणठणीत होता. मग माझा अलार्म खरा की खोटा? साइटच्या वहीत दोन वर्षांपूर्वीची, त्याच चक्कीची नोंद सापडली: 'ऑइल गरम. कूलर साफ केला. ओके.' आमच्या संगणकातल्या डेटात ही नोंद कुठेच नव्हती.

माझा प्रश्न इथूनच सुरू होतो. अल्गोरिदम बदलून मला फार फरक पडलेला दिसला नाही. अडलंय ते या वहीपाशी. तुमच्याकडे या नोंदी मॉडेलपर्यंत कशा पोचतात?

स्पंदन (भोसरी)

उत्तम लिहिलंय. मी बेअरिंगच्या कंपनांचं काम करतो, त्यामुळे एका गोष्टीकडे लक्ष वेधतो.

तापमान वाढतं तेव्हा बेअरिंगचं दुखणं बरंच पुढे गेलेलं असतं. सुरुवातीची चीर कंपनात दिसते, आणि १० मिनिटांच्या सरासरीत कंपन दिसणं शक्य नाही. हिशेब करून बघा. रोटर मिनिटाला १७ फेरे, गिअरबॉक्स साधारण ९० पट वेग वाढवणारा, म्हणजे जनरेटर १,५०० च्या आसपास, सेकंदाला २५ फेरे. बेअरिंगमध्ये ९ गोळ्या असतील तर बाहेरच्या रिंगवरच्या खड्ड्याचा ठोका ढोबळमानाने २५ × ९ × ०.४ म्हणजे सेकंदाला ९० वेळा बसतो. आतल्या रिंगचा ०.६ धरून १३५ वेळा. हे ऐकायचं तर सेन्सरने सेकंदाला हजारो वेळा नोंद घ्यायला हवी. शिवाय ठोका बारीक असतो, गिअरच्या आवाजात बुडतो. म्हणून आम्ही वरच्या पट्टीतला सिग्नल गाळून घेतो, त्याचं एन्व्हलप (चढउतारांची बाहेरची रेघ) काढतो आणि त्यात ९० आणि १३५ शोधतो.

चक्कीत आणखी एक अडचण: वारा बदलला की फेरे बदलतात आणि ९० ची रेघ ८० ते ९५ मध्ये फासली जाते. त्यामुळे कंपनाबरोबर शाफ्टच्या फेऱ्यांचा पल्सही नोंदवायला लागतो आणि वेळेऐवजी फेऱ्यांच्या मापाने सिग्नल पुन्हा मांडावा लागतो. हे न करता थेट न्यूरल नेटवर्कला कच्चा सिग्नल देणारे बरेच जण मी पाहिलेत. नेटवर्क बेअरिंगऐवजी वाऱ्याचा वेग ओळखायला शिकतं.

शिकाऊ

दादा, मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, पुण्यातच. प्रोजेक्टसाठी केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाचा बेअरिंगचा डेटा घेतला होता. सीएनएन (न्यूरल नेटवर्कचा एक प्रकार) लावून ९९ टक्क्यांच्या वर अचूकता आली. गाइड म्हणाले पेपर लिही. पण वरचं वाचून धास्ती वाटतेय. यातही पेपर फुटलेला असेल का?

स्पंदन (भोसरी)

@शिकाऊ, बहुतेक हो. त्या डेटातले खड्डे विद्युत ठिणगीने मुद्दाम पाडलेले आहेत, टेबलावरच्या मोटरवर, जवळपास स्थिर वेगात. एकाच लांब रेकॉर्डिंगचे तुकडे करून काही शिकवायला आणि काही परीक्षेला ठेवले असतील तर मॉडेलने ते ठरावीक बेअरिंग पाठ केलं असणार. मोटरवरच्या भारांपैकी एक लोड पूर्ण बाजूला ठेवा, किंवा खड्ड्याचा एक आकार पूर्ण बाजूला ठेवा, आणि मग आकडा बघा. तो खाली येईल. आलेला आकडा प्रामाणिकपणे लिहिलात तर तो पेपर ९९ टक्क्यांपेक्षा जास्त उपयोगाचा होईल. सराव म्हणून तो डेटा चांगलाच आहे, आम्हीही त्यावरच शिकलो.

सबस्टेशन (सदाशिव पेठ)

मी वीज क्षेत्रातून निवृत्त झालो. १९८६ साली रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ५५ किलोवॉटच्या चक्क्या लागल्या तेव्हाची चर्चा आठवते. आज देशात वाऱ्याची क्षमता ५० गिगावॉटच्या पुढे गेली आहे. हा पसारा नीट चालावा असं मनापासून वाटतं, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

पहिली: वारा भरपूर आणि वीज कमी, याचा अर्थ दर वेळी बिघाड नसतो. ग्रीडवर जागा नसली की लोड डिस्पॅचकडून (ग्रीडवरच्या विजेचा ताळमेळ राखणारं केंद्र) निर्मिती उतरवायचा निरोप येतो आणि चांगल्या चक्क्या पाती वळवून कमी विजेवर चालतात. घाटवारा, तुमच्या ३५ लाख ओळींत असे तास किती आहेत आणि ते वेगळे काढलेत का? नसतील काढले तर मॉडेल दोन्ही बाजूंनी चुकेल. उतरवलेली चक्की आजारी वाटेल आणि आजारी चक्की उतरवलेली.

दुसरी: वाऱ्याचा वेग ज्या यंत्रावरून येतो ते अ‍ॅनिमोमीटर नॅसेलच्या पाठीवर, पात्यांच्या मागे असतं. तिथे पोचणारा वारा आधीच पात्यांनी घुसळलेला. त्यात त्याचं बेअरिंग झिजलं की ते कमी वेग दाखवायला लागतं. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाने वाढते. वेग १० टक्के जास्त असेल तर शक्ती ३३ टक्के जास्त. म्हणजे त्या छोट्या वाटीयंत्रात थोडी खोट आली तरी तुमच्या पॉवर कर्व्हवर (कुठल्या वाऱ्याला किती वीज, तो आलेख) केवढा गोंधळ होईल बघा. एखादी चक्की अचानक फारच गुणी दिसायला लागली तर आधी अ‍ॅनिमोमीटर तपासा.

घाटवारा (पुणे)

@सबस्टेशन काका, पहिल्या मुद्द्यावर मी पूर्ण चुकलो होतो. सुरुवातीला असे तास वेगळे काढले नव्हते. नंतर पात्यांच्या कोनावरून काढले: वारा मध्यम असताना, पूर्ण क्षमता यायच्या आधीच पाती वळलेली दिसली तर ती ओळ बाजूला. अ‍ॅनिमोमीटरसाठी शेजारच्या चार चक्क्यांचा वारा एकमेकांशी ताडून बघतो. एकटीच वेगळं सांगत असेल तर तिच्या वाऱ्यावर विश्वास ठेवत नाही. म्हणूनच तापमानाच्या मॉडेलमध्ये मी वाऱ्यापेक्षा विजेच्या आकड्यावर जास्त भिस्त ठेवली आहे. वीज मीटरवर मोजलेली असते.

@स्पंदन, कंपनाचे सेन्सर आमच्या २२ पैकी फक्त ६ चक्क्यांवर आहेत. बाकीच्यांवर जे आहे त्यातच भागवायचं आहे. तापमान उशिरा बोलतं हे मान्य, पण ते प्रत्येक चक्कीवर बोलतं.

पठारकर

घाटवारा साहेब, नमस्कार. मी वर चढणारा माणूस. पंधरा वर्षं झाली, सातारा, पाटण, सगळीकडं काम केलं. सगळा धागा दोनदा वाचला. कंपनी कुठली ते सांगत नाही.

त्या वहीबद्दल बोलतो. ७५-८० मीटर शिडी चढून, बेल्ट लावून वर गेल्यावर काम करायचं, उतरायचं, मग पुढची मशीन. संध्याकाळी चार मशीनच्या नोंदी एकदम लिहायच्या. हात तेलानं भरलेले. तेव्हा 'साफ केलं, ओके' एवढंच लिहिलं जातं. कुणी वाचतं असं आम्हाला आजवर कधी वाटलंच नाही. तुमच्याकडनं पहिल्यांदा ऐकतोय की पुण्यात कुणाला ती वही पाहिजे आहे.

आम्हाला जे कळतं ते वहीत येतच नाही. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. चांगलं बेअरिंग एकसारखं गुणगुणतं. बिघडायला लागलं की मधीच वाळू चुरडल्यासारखी खरखर येते. ग्रीस बोटावर घेऊन चोळलं की कळतं, मऊ आहे का कण लागतायत. तेल बदलताना चुंबकाच्या प्लगवर काय चिकटलंय ते बघायचं. बारीक काळी पूड असली तर चालतंय, चमकणारी पापडी दिसली की समजायचं गिअरबॉक्स गेला. हे लिहायला रकाना कुठंय? फॉर्मवर आहे फक्त 'केलं / नाही केलं'.

आणि वेळेचं म्हणाल तर आमच्याकडं वर्ष दोनच भागांत असतं. जून ते सप्टेंबर वारा. वर्षाची बहुतेक कमाई त्या चार महिन्यांत. आणि त्याच चार महिन्यांत धुकं, पाऊस, चिखल, विजा. मोठी क्रेन घाट चढून पठारावर येऊच शकत नाही, आली तरी त्या वाऱ्यात पाती उतरवता येत नाहीत. जुलैत गिअरबॉक्स गेला की मशीन दिवाळीपर्यंत उभी. बाजूच्या सगळ्या गरागरा फिरतायत आणि ही एकटी उभी, बघवत नाही साहेब. तुमचं मॉडेल काय सांगायचं ते मेच्या पंधरवड्याच्या आत सांगू द्या.

एक विचारतो, राग नसावा. हे सगळं नीट चाललं की वर चढणारी माणसं कमी करणार का?

घाटवारा (पुणे)

@पठारकर, तुमचं लिखाण मी आमच्या पूर्ण टीमला वाचून दाखवलं. राग कसला, विचारायलाच हवा असा प्रश्न आहे.

कंपन्या काय ठरवतील याची हमी मी देऊ शकत नाही. माझ्या कामातलं जे दिसतं ते सांगतो. मॉडेल म्हणतं, '११ नंबर, तेल, पाच अंश जास्त.' पुढचं सगळं वर गेलेल्या माणसाने केलं. कूलर तुंबलाय, पंप दमलाय, सेन्सरच खोटा आहे की खरंच गिअर झिजलाय, हे डेटातून वेगळं करता येत नाही, कारण चारही बाबतींत आकडा सारखाच वाढतो. तुम्ही काय पाहिलं ते परत मॉडेलपर्यंत आलं तरच पुढच्या वेळी ते वेगळं ओळखायला शिकेल. त्या माणसाशिवाय माझं काम आंधळं आहे, हे मी वरिष्ठांना लेखी दिलंय.

तुमच्या मे महिन्याच्या मुद्द्याने माझी मोजणीच बदलली. मी आतापर्यंत किती बिघाड पकडले तेवढंच मोजत होतो. आता प्रत्येक बिघाडापुढे लिहितो: किती दिवस आधी, आणि क्रेन चढू शकेल अशा दिवसांत की नाही. एप्रिलमध्ये ४० दिवस आधी कळलेला बिघाड आणि जूनमध्ये ४० दिवस आधी कळलेला बिघाड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खोट्या अलार्मचंही तसंच. २२ चक्क्यांच्या दिवसाला ३,१६८ ओळी येतात. एक टक्का ओळी चुकून लाल झाल्या तरी रोज ३२ अलार्म. तुम्ही तीन दिवसांत फोन उचलणं बंद कराल, आणि ते बरोबरच असेल. म्हणून आता एका ओळीवर अलार्म देतच नाही. दिवसभराच्या फरकाची सरासरी सलग सात दिवस एकाच बाजूला राहिली तरच साइटला निरोप जातो. महिन्याला दोन-तीन निरोप जातात, त्यापेक्षा जास्त नाहीत.

शिकाऊ

दादा, चक्कीचा खरा डेटा आम्हा विद्यार्थ्यांना कुठे मिळेल? कंपन्यांना मेल केले, उत्तर येत नाही.

घाटवारा (पुणे)

@शिकाऊ, युरोपातला बराच खुला आहे. पोर्तुगालच्या ईडीपी कंपनीने पाच चक्क्यांचा २०१६ आणि २०१७ चा स्काडा, बिघाडांच्या यादीसकट दिला होता. फ्रान्समधल्या ला ओत बोर्न इथल्या चार चक्क्यांचा डेटा आहे, इंग्लंडमधल्या केल्मार्शच्या सहा चक्क्यांचा आहे. २०२४ मध्ये 'केअर टू कम्पेअर' नावाचा संच आला, तीन विंड फार्ममधल्या ३६ चक्क्यांचा. त्यात मॉडेलला गुण देतानाच बिघाड किती लवकर कळला आणि खोटे अलार्म किती आले हे धरलेलं आहे. मी तुझ्या जागी असतो तर तिथूनच सुरुवात केली असती.

फक्त तिथे शिकवलेलं मॉडेल इथे जसंच्या तसं लावू नकोस. त्यांच्याकडे वारा हिवाळ्यात आणि थंडीत. आपल्याकडे वारा पावसाळ्यात, आणि मार्च-एप्रिलमध्ये नॅसेलच्या आत भट्टी. जांभ्याची धूळ तर त्यांच्या डेटात नाहीच. पद्धत तिथून घे, शिकवायला इथलाच डेटा हवा.

आणि एकदा पठारावर जाऊन ये. पुण्याहून सातारा, मग सज्जनगडावरून ठोसेघरच्या रस्त्याने वर. चक्कीखाली उभं राहून पात्याचा आवाज ऐकल्यावर त्या रकान्यांकडे बघायची नजर बदलते.

पठारकर

साहेब, फॉर्मचं आम्ही पोरांनी बसून ठरवलं. चार गोष्टी वाढवल्या. आवाज कसा (गुणगुण, खरखर, ठोका), ग्रीस कसं (मऊ, काळं, कण), चुंबकावर काय (पूड, पापडी, काही नाही), आणि साफ करायच्या आधीचा एक फोटो. मराठीत ठेवलंय, खूण करायची फक्त. वरच उभ्या उभ्या मोबाइलवर होतंय, खाली येऊन आठवत बसायला नको.

सबस्टेशन (सदाशिव पेठ)

त्यात 'सेन्सर बदलला का' हा पाचवा रकाना घाला. नवा सेन्सर दोन अंश वेगळं दाखवतो आणि पुण्यातली मंडळी महिनाभर नसलेला बिघाड शोधत बसतात.

घाटवारा (पुणे)

घातला, काका. @पठारकर, तुमचा फॉर्म आमच्या साइटवरच्या मंडळींनाही आवडला. गेल्या सोमवारपासून वापरतोय. पहिल्याच आठवड्यात १६ नंबरसाठी निरोप गेला होता: जनरेटरच्या मागच्या बेअरिंगचा फरक सात दिवस वर, तीन अंश. फॉर्म परत आला तो असा: आवाज गुणगुण, ग्रीस काळं, पण कण नाहीत. फोटोत ग्रीसची नळी मधेच दबलेली दिसतेय. बेअरिंगपर्यंत ग्रीस पोचतच नव्हतं. नळी बदलली, जुनं ग्रीस काढून नवं भरलं. चार दिवसांत फरक अर्ध्या अंशावर आला.

पठारकर

कण लागले नाहीत म्हणजे वेळेत गावलं. तरी मे महिन्यात परत एकदा कान लावायला सांगा. एकदा कोरडं फिरलेलं बेअरिंग आहे ते.